गवताच्या गठ्ठ्यांचा हंगाम पुरा करताना

खळ्यावरील शेवटची रास घरात आली म्हणजे पिकाचा हंगाम संपला असे आपण समजतो. गवताच्या हंगामाचे तसे नाही. शेवटचा गठ्ठा बांधून झाला, मजुरांचा हिशेब चुकता झाला आणि विळे खुंटीला लागले, तरी हंगाम पुरा झाला असे म्हणता येत नाही. बांधलेले गवत आतून कोरडे आहे, रचलेली गंजी पाणी व आग यांपासून सुरक्षित आहे, आणि ते गवत पुढील पावसाळा लागेपर्यंत आपल्या जनावरांना पुरणार आहे, या तीन गोष्टींची खात्री झाली म्हणजेच हंगाम पुरा झाला. अनुभव असा की, या कामातील मोठ्या चुका सुरुवातीस होत नाहीत. त्या शेवटच्या चार दिवसांत, काम आवरण्याच्या घाईत होतात. म्हणून या पाठात त्या शेवटच्या दिवसांचाच विचार करावयाचा आहे.

एका गंजीची हकीकत

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातील गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. एका लहान खातेदाराकडे एक बैलजोडी, एक गाय व एक म्हैस अशी चार जनावरे होती. त्याने आपल्या माळावरील गवत वेळेवर कापले. अर्ध्याहून अधिक गठ्ठे चांगले वाळवून बांधले. तोच स्वाती नक्षत्राचा पाऊस आला आणि शेतात पसरलेले उरलेले गवत भिजले. दोन दिवस ऊन पडले. गठ्ठे बांधण्याचे भाड्याचे यंत्र दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जाणार होते आणि दिवाळी तोंडावर आली होती. तेव्हा सकाळी आठ वाजता, दहिवर अंगावर असतानाच, त्याने उरलेले गवत बांधून घेतले आणि ते सुमारे चाळीस गठ्ठे गंजीच्या मध्यभागी घालून गंजी शाकारून टाकली.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी पहाटे त्याची बायको त्याला म्हणाली, “अहो, गंजीकडून काहिलीत गूळ करपावा तसा वास येतोय.” त्याने उत्तर दिले, “नव्या गवताला वास असायचाच.” पण शेजारच्या वयोवृद्ध शेतकऱ्याने गंजीत लोखंडी पहार खुपसून पाव तासाने ओढून काढली, तेव्हा ती हातात धरवेना. “आबा, आता काय करायचं?” असे त्याने विचारताच म्हाताऱ्याने आधी विहिरीवरचा पंप सुरू करावयास सांगितले आणि मगच गंजीला हात लावू दिला. आतील गठ्ठे काळे पडले होते. वरचे थर काढून वारा लागताच त्यांतील काहींनी पेट घेतला. पाणी तयार होते म्हणून घर, गोठा व बाकीचे गवत वाचले. मात्र मधल्या चाळीस गठ्ठ्यांबरोबर त्यांच्या शेजारचेही कित्येक गठ्ठे वाया गेले आणि वैशाखात त्या शेतकऱ्यास दुप्पट पैसे मोजून वैरण विकत घ्यावी लागली.

कोणी विडी टाकली नव्हती, कोणाचा द्वेष नव्हता. आग बाहेरून आली नव्हती. ती गठ्ठ्यांबरोबर आत बांधली गेली होती.

आग आतून कशी लागते

गवत कापले म्हणजे ते लगेच निर्जीव होते असे नाही. त्याच्या पेशी काही काळ श्वसन करीत राहतात आणि त्यातून उष्णता निघते. त्यातच पुरेसा ओलावा असला तर बुरशी व सूक्ष्म जंतू वाढीस लागतात आणि तेही उष्णता निर्माण करतात. मोकळ्या गवतातून ही उष्णता हवेत निघून जाते. घट्ट दाबलेल्या गठ्ठ्यातून, आणि गठ्ठ्यांच्या गंजीतून, तिला सहजासहजी वाट मिळत नाही. उष्णता साठत गेली म्हणजे पुढे रासायनिक क्रिया सुरू होतात आणि अखेर गवत आपोआप पेटते.

साठवणीस योग्य अशा गवतात ओलावा सुमारे १५ टक्के असावा. तो २० टक्क्यांच्या वर गेला की गठ्ठा तापू लागतो व बुरशी धरतो. गंजीच्या आतील उष्णतामान ५५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास रोज लक्ष ठेवावे लागते. ६५ अंशांवर धोका स्पष्ट असतो. ८० अंशांच्या आसपास आग केव्हाही लागू शकते. हा धोका गंजी रचल्यापासून दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत विशेष असतो.

आग लागली नाही म्हणून नुकसान झाले नाही असेही समजू नये. तापून तपकिरी झालेल्या गवतास गोडसर वास येतो आणि जनावरे ते आवडीने खातात. परंतु त्यातील प्रथिने जनावरांच्या अंगी लागत नाहीत. बुरशी धरलेले गवत तर खाऊच घालू नये. त्याने पोट बिघडते व गाभण जनावरे गाभडण्याचा धोका असतो. असे गवत झाडणाऱ्या माणसाच्या छातीत त्याची धूळ जाऊन दमेकऱ्यासारखा विकार जडतो. ते हाताळावेच लागले तर नाकातोंडावर फडके बांधावे व वाऱ्याच्या वरच्या अंगास उभे राहावे.

कापणी उशिरा केल्याने काय होते

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी गवत उभ्या उभ्या वाळू देऊन मार्गशीर्षात कापण्याची पद्धत आहे. तसे केल्यास वाळवण्याचा त्रास वाचतो हे खरे. पण त्या गवतात कस राहत नाही. माळावरच्या गवतात फुलोऱ्याच्या सुमारास सहा टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. बी गळून गवत पांढरे पडल्यावर ती दोन-तीन टक्क्यांवर येतात. म्हणजे वजन तेवढेच भरले तरी दाण्याची जागा पेंढ्याने घेतल्यासारखे होते.

म्हणून मारवेल व पवना ही चांगली गवते फुलोऱ्यात असतानाच, पाऊस उघडल्याबरोबर कापावीत. कुसळीच्या बाबतीत तर उशीर मुळीच करू नये. तिची टोकदार कुसळे पक्की झाली म्हणजे ती जनावरांच्या तोंडात व जिभेत रुततात आणि मेंढरांच्या लोकरीतून कातडीत शिरतात. ज्यांची कुसळे पक्की झाली आहेत असे शेवटचे तुकडे वेगळे कापून वेगळे ठेवावेत; ते आच्छादनास किंवा गंजी शाकारण्यास वापरावेत, वैरणीत मिसळू नयेत.

गवत वाळले हे कसे ओळखावे

फुलोऱ्यातील १०० किलो ओल्या गवतात सुमारे ७० किलो पाणी व ३० किलो शुष्क भाग असतो. तेच गवत १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळले की त्याचे वजन सुमारे ३५ किलो भरते. म्हणजे दर १०० किलोमागे ६५ किलो पाणी शेतातच उडून जावे लागते. आश्विनातील कडक उन्हात त्याला साधारणपणे तीन दिवस लागतात. हवा दमट असल्यास त्याहून अधिक. या काळात गवत दाताळ्याने दिवसातून एकदा तरी उलटावे. सकाळचे दहिवर उडाल्यावर उलटावे. पार कडकडीत झाल्यावर भर दुपारी झोडपत उलटू नये. तसे केल्यास पाने गळून शेतात राहतात व हाती नुसत्या काड्या येतात. कस पानांत असतो, काडीत नव्हे.

पाहणी नेहमी ओळीच्या तळाचे व दाट जागेचे गवत घेऊन करावी. वरचे गवत वाळलेलेच दिसते. पुढील तीन परीक्षा घरच्या घरी करता येतात :

(१) मूठभर गवताचा पीळ घट्ट वळावा. काड्या तुटू लागल्या तर गवत वाळले. पीळ दोरीसारखा लवला तर ते ओले आहे.

(२) जाड काडी घेऊन तिची साल अंगठ्याच्या नखाने खरवडावी. साल सुटून आली तर आत ओल आहे असे समजावे.

(३) काडीचे पेर फोडून पाहावे. पाने वाळली तरी पेरातील ओल सर्वांत शेवटी जाते.

तिन्ही परीक्षांत गवत उतरले तरच बांधणीस हात घालावा. पावसात भिजलेले गवत पुन्हा पसरून, उलटून वाळवावे. ते पूर्ण वाळण्यासारखे नसेल तर बांधू नये. मोकळेच ठेवून आधी जनावरांना घालून संपवावे. वर सांगितलेल्या शेतकऱ्याने एवढेच केले असते तर त्याचे नुकसान टळले असते.

गठ्ठे बांधणे

दहिवर पूर्ण उडाल्यावर, म्हणजे साधारण अकरा वाजल्यापासून सायंकाळी पाचपर्यंत, बांधणीचे काम करावे. यंत्र भाड्याचे असले म्हणजे यंत्रवाल्याला पुढच्या शेतावर जाण्याची घाई असते. परंतु गवत बांधण्याजोगे आहे की नाही हे शेतकऱ्याने ठरवावयाचे आहे, यंत्रवाल्याने नव्हे. दोन-तीन लहान खातेदारांनी मिळून यंत्र ठरवावे व कापणी एकाच वेळी न करता एकेका दिवसाच्या अंतराने करावी. असे केल्याने प्रत्येकाचे गवत वाळलेल्या अवस्थेत यंत्राला मिळते आणि घाई टळते.

ज्यांचे गवत थोडे आहे त्यांना यंत्राची गरज नाही. सुमारे ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर उंच अशी, वर उघडी व बूड नसलेली लाकडी पेटी गावचा सुतार करून देतो. पेटीत आधी दोन दोऱ्या आडव्या घालून त्यांची टोके काठावरून बाहेर सोडावीत. मग थोडे थोडे गवत घालून ते पायांनी तुडवावे. पेटी भरली की दोऱ्या आवळून गाठ मारावी व पेटी वर उचलून घ्यावी. असा गठ्ठा साधारण १२ ते १५ किलोंचा होतो. तो एका माणसाला उचलता येतो आणि सर्व गठ्ठे सारखे असल्याने मोजदाद सोपी जाते. ठाणे व पालघर भागांत मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत दाबून बांधण्याचा धंदा फार जुना आहे. त्यामागील हिशेब हाच : दाबलेले गवत कमी जागा घेते, वाहतुकीस सोपे जाते व वाऱ्यावर उडून वाया जात नाही.

बांधणीस शक्यतो सुतळी किंवा काथ्या वापरावा. तार वापरू नये. तारेचा लहानसा तुकडा वैरणीबरोबर जनावराच्या पोटात गेला तर तो कोठ्यातून पुढे हृदयापर्यंत रुततो आणि चांगले जनावर दगावते. प्लॅस्टिकची दोरी वापरलीच तर गठ्ठा सोडताना ती कापून तुकडे करू नये; गाठ सोडून अखंड काढावी व खुंटीस टांगावी. महिन्याअखेर खुंटीवरील दोऱ्या मोजल्या म्हणजे किती गठ्ठे खर्च झाले याचाही पडताळा मिळतो.

यंत्र चालू असताना त्यात अडकलेले गवत हाताने ओढू नये. ट्रॅक्टर पूर्ण बंद करूनच हात घालावा. फिरत्या दांड्याजवळ धोतराचा सोगा, पदर किंवा उपरणे मोकळे असू नये. शेवटच्या दिवशी, अंधार पडता पडता, दमलेल्या माणसांच्या हातून अपघात होण्याचा संभव अधिक असतो.

गंजी रचणे

गंजीची जागा उंचवट्याची असावी. घर, गोठा, चूल व विजेच्या तारा यांपासून ती किमान १५ मीटर दूर असावी. जमिनीवर दगड मांडून व त्यांवर बाभळीच्या फांद्या टाकून एक हात उंचीचा माच करावा. त्याने वाळवी व जमिनीची ओल यांचा उपद्रव टळतो. सभोवती पाणी जाण्यासाठी चर काढावा.

खालच्या थरातील गठ्ठे कडेवर उभे लावावेत, म्हणजे दोऱ्या ओलीला लागून कुजत नाहीत. पुढचे थर गवंडी विटांचे सांधे मोडतो त्याप्रमाणे आडवे-उभे लावावेत. दोन गठ्ठ्यांमध्ये चार बोटे जागा सोडावी, म्हणजे आतील उष्णता बाहेर पडते. माथा मध्ये उंच ठेवून भाताचा पेंढा, उसाचे पाचट किंवा टाकाऊ गवत यांनी शाकारावा. गठ्ठे बांधल्याबरोबर प्लॅस्टिकच्या कागदाने सर्व बाजूंनी गुंडाळू नयेत. त्यामुळे आतून सुटलेली वाफ गवतावरच बसते. कागद घालावयाचाच असेल तर तो फक्त माथ्यावर घालावा.

सर्व गवत एकाच गंजीत घालू नये. दोन लहान गंज्या एकमेकींपासून दूर असल्या तर एकीवर संकट आले तरी दुसरी हाती राहते. शेवटी बांधलेले, शंकास्पद गठ्ठे कधीही मध्यभागी घालू नयेत. ते वेगळे, मोकळे रचून आधी खर्च करावेत.

पहिले सहा आठवडे

गंजी शाकारली म्हणजे लक्ष काढून घ्यावयाचे नाही. पहिले सहा आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पहाटेच्या वेळी गंजीभोवती फेरी मारावी. करपट, तंबाखूसारखा किंवा गुळासारखा वास येतो काय, माथ्यावरून वाफ निघते काय, हे पाहावे. लोखंडी पहार आतपर्यंत खुपसून पाव तासाने काढावी व हात लावून पाहावी. कोमट असल्यास चिंता नाही. गरम पण धरवण्याजोगी असल्यास रोज पाहणी करावी. हातात धरवत नसेल तर गावकऱ्यांस बोलवावे, पुरेसे पाणी हाताशी घ्यावे, जनावरे दूर न्यावीत व मगच बाहेरच्या बाजूने गठ्ठे काढण्यास सुरुवात करावी. तापलेल्या गंजीवर उभे राहू नये. आत पोकळ झालेली गंजी एकदम खचते. पाण्याची सोय नसताना गंजी फोडणे म्हणजे आगीला वारा घालणे होय.

मोजदाद व पुरवठ्याचा हिशेब

गंजी रचतानाच गठ्ठे मोजून आकडा गोठ्याच्या भिंतीवर लिहावा. दहा गठ्ठे तोलून सरासरी वजन काढावे. मग पुढीलप्रमाणे हिशेब मांडावा.

समजा चार मोठी जनावरे आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे १२० दिवस हिरवा चारा नसतो असे धरू. इतर वैरण व पेंड यांव्यतिरिक्त प्रत्येक जनावरास रोज ६ किलो गवत द्यावयाचे आहे. म्हणजे ४ × ६ × १२० = २,८८० किलो गवत लागेल. नासधुशीसाठी दहा टक्के म्हणजे २८८ किलो मिळवले की ३,१६८ किलो होतात. गठ्ठा सरासरी १२ किलोंचा असल्यास २६४ गठ्ठे हवेत.

मोजणीत २०० गठ्ठेच भरले तर ६४ गठ्ठ्यांची, म्हणजे ७६८ किलोंची, तूट आहे. ही तूट कार्तिकात कळली तर उपाय हाती असतात. त्या वेळी गवत स्वस्त असते, ते विकत घेता येते. पाण्याची सोय असल्यास मका किंवा लसूणघास यांचा लहानसा तुकडा करता येतो. वैरणीची कुट्टी करून नासधूस कमी करता येते. एखादे भाकड जनावर चांगल्या अंगाचे असताना योग्य भावाने विकता येते. तीच तूट वैशाखात कळली तर बैल विकण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि त्या वेळी सर्वच विकावयास निघालेले असतात. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्यावाचून पुष्कळांचे गोठे रिकामे झाले. २०१८-१९ साली मराठवाड्यात जनावरे चारा छावण्यांत नेऊन बांधावी लागली. सगळा दुष्काळ हिशेबाने टळत नाही हे खरे; पण आपली तूट सहा महिने आधी माहीत असणे ही लहान शेतकऱ्याची मोठी शक्ती आहे.

कुरणाचा निरोप

शेवटी ज्या जमिनीने गवत दिले तिचाही विचार करावा. गवत जमिनीला घासून कापू नये. चार बोटे खुंट ठेवावेत, म्हणजे ठोंब जगतात. मारवेल व पवना यांचा एखादा चांगला पट्टा बी धरण्यासाठी न कापता राखावा. कापणीनंतर लगेच जनावरे मोकाट सोडू नयेत. कुरणाच्या हद्दीवर वाळलेले गवत काढून जाळरेषा करावी. वणव्यात गवताबरोबर बीही जळते. विळे, दाताळी साफ करून तेल लावून ठेवावीत, पेटीचे ढिले खिळे ठोकावेत. पुढच्या वर्षी पाऊस उघडेल त्या दिवशी ही हत्यारे तयार सापडली पाहिजेत.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा पाठ सभेत वाचून दाखवून थांबू नये. एखाद्या शेतकऱ्याच्या शेतावर पिळाची परीक्षा व त्याच्या गंजीवर पहारेची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. गावच्या सुताराकडून एक पेटी करवून ती सर्वांना वापरावयास द्यावी. या कामात घरातील स्त्रियांना अवश्य बोलवावे. गंजीचा वास व गोठ्यातील उरलेली वैरण प्रथम त्यांच्याच लक्षात येते. नंतर पुढील प्रश्न विचारून चर्चा करावी :

१. वरून वाळलेले गवत आत ओले आहे हे कसे ओळखाल?
२. पावसात भिजलेले गवत गंजीच्या मध्यभागी का घालू नये?
३. पहार हातात धरवत नसेल तर गंजीला हात लावण्यापूर्वी काय कराल?
४. तुमच्या गोठ्यास जूनपर्यंत किती गठ्ठे लागतील, आणि आज तुमच्यापाशी किती आहेत?

यांपैकी चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्या शेतकऱ्यास तोंडपाठ देता येईल, त्याचा गवताचा हंगाम खऱ्या अर्थाने पुरा झाला असे समजावे.